आधी केबल काढ

अमावास्येला वडगावात माग बंद.
गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी
आणि व्होल्टेज दोनशे तीसवर ठाम.
आई म्हणाली, नवं काम आज नको.
मल्लेश म्हणाला, आमच्यात चालतंय की,
आमच्यात अमावास्याच चांगली.
म्हणून आमच्या मशीनला
त्याच्या पंचांगाने नवी सिस्टीम टाकायचं ठरलं.

हे मशीन तयार मिळालेलं नाही.
दोन हजार दहा साली आम्ही दोघांनी जुळवलं:
बोर्ड हुबळीचा, बनियनमध्ये गुंडाळून बसने आणलेला,
रॅम कोल्हापूरची,
डबा खडेबाजारातला, एका बाजूचा पत्रा
पहिल्या दिवसापासून बसत नाही.
पावर सप्लाय कुणाचा, ते मल्लेश अजून सांगत नाही.
ह्याच मशीनवर आम्ही लुगड्यांचे काठ काढले,
चिक्की, गोमी, रुईफूल,
एकेका चौकोनाने,
आणि ते पुठ्ठ्याला भोकं पाडणाऱ्या यंत्राला सांगत राहिलं:
इथे सूत वर, इथे खाली.

आता त्याला उठायला एक चहा लागतो.
परवा बँकेचं पान म्हणालं,
तुम्ही फार जुने झालात, आत घेता येत नाही.
मला वाटलं मलाच.

अक्काची शांभवी सुट्टीला आलीय.
"मामा, एक बटण दाबलं की होतंय. काय भिऊलालास?"
भिऊलालोय, म्हटलं.

डिझाइनं उतरवली एका डिस्कवर,
मग दुसऱ्या डिस्कवर, ती मल्लेशच्या घरी, कपाटात.
उतरवली म्हणजे उतरली असं नसतं.
चार फायली उघडून बघितल्या, एक उघडेना.
'शांताक्का हिरवा काठ', साल तेरा.
परत उतरवली. उघडली.
हिरवा होता.

कुठली वायर कुठे, ते वहीत लिहिलं,
मी मराठीत, मल्लेशने कानडीत,
बाण मात्र दोघांचे सारखे.

डबा उघडला तर पंख्यावर सूत.
धूळ नव्हेच, सूत. जांभळं, मोरपंखी,
आणि खाली, चिमट्याने ओढून काढलेला,
त्या एका वर्षाचा मेहंदी रंग
जेव्हा सगळ्यांना मेहंदीच हवी होती.
बोर्डावरचा सेल संपलेला,
म्हणून मशीनच्या लेखी आज एक जानेवारी दोन हजार नऊ,
म्हणजे अजून आम्ही त्याला जुळवलंच नव्हतं.
तीस रुपयांचा सेल घातला.
तारीख आली.

मी नवी डिस्क हातात घेतली तसा मल्लेश ओरडला,
"आधी जुनीची केबल काढ!
जे जोडलेलंच नाही, ते पुसलं जात नाही."
काढली.
नवी एवढीशी, पानाच्या चंचीत मावेल.

भाषा निवडा, म्हणाली.
यादीत मराठी होती. कानडी होती.
आम्ही दोघंही चहाकडे बघत बसलो.
शांभवीने मधून हात घालून इंग्रजी दाबली.

एक्क्याऐंशी टक्क्यांवर दिवे लुकलुकले,
यूपीएस एकदाच किंचाळला,
आई देवघरातून म्हणाली, सांगितलं होतं मी.
गेली नाही वीज. पुढे सरकलं.

नव्या सिस्टीमने सगळ्यांना ओळखलं,
प्रिंटरला, कीबोर्डला, शांभवीच्या मोबाईलला.
भोकं पाडणाऱ्या यंत्राला नाही.
ते तसंच उभं, जाड वायरचं,
लग्नात कुणी पाणी न विचारलेल्या पाहुण्यासारखं.
बारा वाजेपर्यंत खटपट केली.
मग मल्लेशनेच जुनीची केबल परत लावली
आणि तिच्याकडचं नेट तोडलं.
बँक नवीवर, काठ जुनीवर.

सकाळी सहाला माग सुरू झाले, टेबल थरथरलं,
पत्रा खडखडला.
मशीन उठलं, चहा ओतायच्या आत उठलं,
आणि विचारलं: कुठली?
नवीकडे मी जरा वेळ बघितलं.
मग जुनी निवडली.
रायबागवाल्याची लुगडी शुक्रवारी द्यायचीत.